साखळी, चार्म आणि नोंदवही

चार्म ब्रेसलेट म्हणजे मनगटात घालायची साखळी आणि तिच्या कड्यांना अडकवलेले छोटे छोटे नग. या नगांना चार्म म्हणतात. घंटा, जहाज, बूट, घर, आद्याक्षर, पिंजऱ्यातला पक्षी असे कोणतेही रूप चार्म घेऊ शकतो. आकार बहुधा बोटाच्या नखाएवढा. बांगडी, पाटली किंवा तोडा सोनाराच्या हातून बाहेर पडतो तो पुरा होऊनच. चार्म ब्रेसलेट मात्र मुद्दाम अपुरे घ्यायचे असते. पहिल्या दिवशी साखळी आणि एखादा चार्म, बाकीचे पुढच्या कित्येक वर्षांत, निमित्तानिमित्ताने.

संग्रह दोन प्रकारे उभा राहतो. एका माणसाच्या आयुष्याबरोबर एकच ब्रेसलेट वाढत जाते, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात संग्राहक जुने चार्म शोधतो आणि घडणीच्या, काळाच्या किंवा विषयाच्या सूत्राने ते एकत्र आणतो. दोन्हींना एक गोष्ट सारखीच लागू पडते: चार्म साखळीवर का आला आणि केव्हा आला हे ठाऊक असेल, तोवरच त्याला स्वतःचे मोल असते. ती माहिती हरवली की उरतो तो धातूचा भाव. म्हणूनच खरेदीइतकेच महत्त्व निवडीला, मांडणीला आणि नोंदीला द्यावे लागते.

ताइतापासून आठवणीपर्यंत

अंगावर लहान वस्तू बांधण्याची चाल फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये शेणकिड्याच्या आणि होरस देवाच्या डोळ्याच्या आकाराचे ताईत जिवंतपणी अंगावर असत आणि मृत्यूनंतर ममीच्या पट्ट्यांत गुंडाळले जात. रोममधली स्वतंत्र नागरिकांची मुले ‘बुल्ला’ नावाची डबी गळ्यात घालत. मुलगा वयात आला की ती उतरवून घरच्या देवांना वाहिली जाई. महाराष्ट्रातला ताईत आणि तान्ह्या बाळाच्या हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या याच कुळातल्या. या सगळ्यांचे काम रक्षणाचे होते.

अनेक चिन्हे एका सरात गुंफण्याची कल्पनाही मराठी घरांना नवी नाही. कोल्हापुरी साजात परंपरेने एकवीस पाने सांगितली जातात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे. चंद्र, कमळ, शंख, कासव, मासा हे त्यातले घाट सुटे पाहिले तर उत्तम चार्म ठरतील. फरक एवढाच, की साजातली पाने ठरलेली असतात आणि सगळा साज एकदमच घडतो. चार्म ब्रेसलेटवर काय यायचे ते ज्याचे त्याचे आयुष्य ठरवते.

रक्षणाकडून आठवणीकडे झालेला प्रवास इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या ब्रेसलेटमध्ये स्वच्छ दिसतो. नोव्हेंबर १८४० मध्ये पहिली मुलगी झाली, तेव्हा पती प्रिन्स अल्बर्टने राणीला सोन्याची साखळी दिली. तिला मीनाकाम केलेला एक बदाम लटकवलेला होता. पुढे प्रत्येक अपत्यागणिक एक बदाम वाढत गेला आणि १८५७ मध्ये धाकट्या बिअट्रिसच्या जन्मानंतर साखळीवर नऊ बदाम झाले. प्रत्येकाचा रंग निराळा: थोरल्या मुलीचा गुलाबी, युवराज एडवर्डचा आकाशी, ॲलिसचा लाल, आल्फ्रेडचा गडद निळा. प्रत्येक बदाम ही उघडणारी डबी आहे आणि आत त्या त्या मुलाची केसांची बट आहे. रंग आणि मूल यांची जोडी पहिल्यापासून ठरलेली होती, म्हणून कोणता बदाम कोणाचा हे आजही सांगता येते. ब्रेसलेट अजून ब्रिटिश राजसंग्रहात आहे. १८६१ मध्ये अल्बर्ट गेल्यावर राणीने शोकाचे दागिने घालायला सुरुवात केली आणि केसांची बट किंवा छायाचित्र ठेवायची लॉकेटे इंग्लंडच्या मध्यमवर्गातही पसरली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याचे. त्याने, पुढे त्याची पत्नी झालेल्या वॉलिस सिम्पसनला दिलेल्या कार्तिए पेढीच्या हिऱ्यांच्या ब्रेसलेटला नऊ क्रूस लटकवलेले आहेत आणि बहुतेक क्रूस रत्नजडित आहेत. वॉलिसने ते ३ जून १९३७ रोजी फ्रान्समधल्या शातो द कांदे येथे झालेल्या दोघांच्या लग्नात घातले होते. क्रुसांवर एडवर्डच्या हस्ताक्षरातला मजकूर कोरलेला आहे. एकावर १६ जुलै १९३६ ही तारीख आहे. त्या दिवशी लंडनमध्ये एका माणसाने राजावर पिस्तूल रोखले होते. दुसऱ्यावर लग्नाची तारीख आहे. तिसरा ऑगस्ट १९४४ मध्ये झालेल्या वॉलिसच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा. क्रुसाचा घाट सगळीकडे एकच. प्रसंग ओळखू येतात ते तारखांमुळे. १९८७ मध्ये जिनिव्हात सदबीने वॉलिसच्या दागिन्यांचा लिलाव केला, त्यात हे ब्रेसलेट विकले गेले. २०१० मध्ये लंडनला ते पुन्हा लिलावात आले, तेव्हा त्याला सहा लाख पौंडांहून अधिक किंमत मिळाली.

चार्म ब्रेसलेट सर्वसामान्यांच्या हातात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये. मुलीच्या सोळाव्या वाढदिवसाला, पदवीला, साखरपुड्याला एकेक चार्म देण्याची पद्धत पडली. पर्यटन वाढले तशी गावोगावी त्या त्या गावाचे चिन्ह असलेली चांदीची ढाल किंवा इमारत मिळू लागली. चित्रपटतारकांनी या फॅशनला हातभार लावला. एलिझाबेथ टेलरकडची चार्म ब्रेसलेटे डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीच्या लिलावात आली आणि अंदाजाच्या कितीतरी पट किमतीला गेली.

पुढे ही आवड ओसरली आणि नव्या रूपात परतली. कोपनहेगनच्या नीलसन कुटुंबाने १९७६ मध्ये ओवायचा चांदीचा मणी काढला. त्यातून ट्रोलबीड्स ही कंपनी उभी राहिली. १९८२ मध्ये त्याच शहरात सुरू झालेल्या पँडोराने २००० साली आपले ब्रेसलेट डेन्मार्कमध्ये आणले, दागिने थायलंडमधल्या स्वतःच्या कारखान्यांत घडवले आणि चार्म जगभरच्या मॉलमध्ये नेला. भारतातल्या तरुण खरेदीदारांना चार्म ब्रेसलेट माहीत आहे ते बहुतांशी याच रूपात.

तीन पद्धती

पैसे खर्च करण्याआधी पद्धत ठरवावी लागते, कारण एका पद्धतीचे चार्म दुसरीत सहसा बसत नाहीत.

लोंबत्या चार्मची साखळी ही सर्वांत जुनी पद्धत. चार्मच्या माथ्यावर कान असतो. त्यातून बारीक कडी घालून तो साखळीच्या कडीला जोडतात. कोणत्याही देशाचा, काळाचा, कारागिराचा चार्म यात चालतो. जुन्या वस्तूंचा संग्रह करायचा असेल तर हीच पद्धत घ्यावी.

ओवायच्या चार्मची पद्धत डेन्मार्कची. चार्मच्या मधोमध रुंद छिद्र असते आणि तो जाडसर, गोल, सापासारख्या लवचीक साखळीवर सरकवतात. सगळे चार्म एका बाजूला घसरू नयेत म्हणून मध्ये चाप बसवतात. काही कंपन्यांच्या साखळीवर आणि चार्मच्या आत आटे असतात, त्यामुळे चार्म फिरवून पुढे न्यावा लागतो. छिद्राचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने परका चार्म एक तर चढत नाही, नाही तर घसरत राहतो.

सपाट दुव्यांची पद्धत इटलीची. पाओलो जेन्सिनी यांनी १९८७ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या सेस्तो फिओरेंतिनो येथे नॉमिनेशन ही कंपनी काढली आणि स्टीलचे सुटे दुवे एकमेकांत अडकवून पट्टी तयार करण्याची रचना लोकप्रिय केली. प्रत्येक दुव्याच्या दर्शनी भागावर अक्षर, ध्वज किंवा खडा असतो. दुव्यात स्प्रिंग असल्याने पट्टी ताणता येते. यात लोंबते काही नसल्यामुळे टंकलेखन, स्वयंपाक किंवा दवाखान्यातले काम करणाऱ्यांना ती सोयीची पडते.

साखळीची निवड

लोंबत्या चार्मसाठी साखळी घेताना तिच्यावर पुढे वाढत जाणारे ओझे आधीच लक्षात घ्यावे. चांदीचा साधा चार्म एक ते चार ग्रॅमचा असतो. वीस चार्म झाले की साखळीसकट वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या पुढे जाते आणि त्याचा सगळा ताण कड्यांवर व फाशावर येतो. म्हणून साखळी भरीव घ्यावी, पोकळ नको. कड्या झाळून बंद केलेल्या असाव्यात. कडीच्या सांध्यात नख अडकत असेल तर तो सांधा उघडा आहे असे समजावे. एकमेकींत चपट्या बसणाऱ्या कड्यांची साखळी मनगटावर कमी पिळते. ब्रिटनमध्ये बदामाच्या आकाराचे कुलूप हाच फासा म्हणून वापरायची पद्धत आहे. त्याच्या जोडीला बारीक सुरक्षा-साखळी असते, ती मोडलेली नाही ना हे पाहावे.

मनगटाचे माप कागदाच्या पट्टीने, मनगटाच्या हाडाशी घ्यावे. लोंबत्या चार्मसाठी त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवावेत. ओवायच्या चार्मची साखळी भरत गेली की आतून आवळते, म्हणून तिथेही किमान दोन सेंटिमीटर सैल लागतात. रिकामी असताना बेताची बसणारी साखळी भरल्यावर घालता येत नाही.

धातूच्या बाबतीत मराठी घरांतली सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. बावीस कॅरेटचे सोने गुंतवणुकीला आणि पारंपरिक दागिन्यांना उत्तम, पण मऊ असते. दिवसभर चार्म हलत राहिले की बारीक कड्या झिजतात आणि एक दिवस चार्म गळून पडतो. सोन्याची साखळी हवी असेल तर अठरा किंवा चौदा कॅरेटची घ्यावी. चांदी असेल तर ९२५ शुद्धतेची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबे. शुद्ध चांदी या कामाला फार मऊ पडते. एकाच साखळीवर सोने आणि चांदी मिसळल्यास चौदा कॅरेटचे कठीण सोने शेजारच्या चांदीवर ओरखडे काढते, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावे. मुलामा दिलेले चार्म साखळीवर एकमेकांना घासतात, त्यामुळे त्यांचा मुलामा लवकर उडतो.

पहिला चार्म आणि संग्रहाचा नियम

साखळीबरोबरच आठ-दहा चार्म घेऊन ती एकदम भरून टाकण्याचा मोह दुकानात होतो. तो टाळावा. अशा साखळीवर पुढच्या प्रसंगांना जागा उरत नाही आणि आधीच्या चार्ममागे प्रसंगच नसतो.

संग्रह सुरू करताना नियम ठरवावा आणि तो एका वाक्यात लिहून ठेवावा. ‘घरात प्रत्येक जन्माला एक’, ‘राहिलेल्या प्रत्येक गावाचे एक’, ‘दर वाढदिवसाला एकच’, ‘फक्त उघडणारे चार्म’, ‘फक्त वाद्ये’. नियम जितका नेमका, तितका संग्रह वाचायला सोपा. व्हिक्टोरियाचा नियम नऊ मुलांपुरता होता, तरी त्यातून सतरा वर्षांचा काळ मोजता येतो. नियमामुळे नकार देणेही सोपे जाते. नात्यातल्या कोणी भेट दिलेला चार्म नियमात बसत नसेल, तर तो दुसऱ्या साखळीवर किंवा गळ्यातल्या सरीत घालता येतो.

चार्मची संख्या साखळीच्या कड्यांवरून ठरते. एक कडी सोडून एक चार्म लावला की प्रत्येक चार्म सुटा दिसतो. वीसच्या आसपास चार्म झाले की साधारण साखळी भरते. त्यानंतर दुसरी साखळी सुरू करावी. पहिलीवर लहानपण आणि शिक्षण, दुसरीवर नोकरी आणि संसार, अशी विभागणी केली तर दोन्ही साखळ्या नीट कळतात.

लहान मुलांसाठी संग्रह सुरू करताना वेगळी काळजी घ्यावी. अमेरिकेत २००६ मध्ये बुटांबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचा बदाम गिळल्याने मिनियापोलिस येथील चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तो बदाम जवळजवळ संपूर्ण शिशाचा होता. सुमारे तीन लाख ब्रेसलेटे परत मागवली गेली. पुढे तिथल्या मुलांच्या वस्तूंतील शिशावर कडक कायदेशीर मर्यादा आली. रस्त्यावर मिळणारे, धातूचे नाव न सांगता विकलेले चार्म लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. अस्सल चांदीचे चार्मही मूल तोंडात वस्तू घालण्याच्या वयाचे असेपर्यंत डब्यात राहिलेले बरे.

जुने चार्म आणि त्यांवरचे ठसे

जुन्या चार्मचा संग्राहक आधी भिंगातून पाहायला शिकतो. दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. चार्मच्या कानावर, पाठीवर किंवा जोडकडीवर ठसा असतो आणि तो चार्मचा देश, शुद्धता व कधी कधी वर्षही सांगतो.

ब्रिटिश ठसे सर्वांत बोलके. चालणारा सिंह म्हणजे ९२५ चांदी. बिबट्याचे डोके लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, किल्ला एडिंबराचा. शेफिल्डचा ठसा १९७५ पूर्वी मुकुट होता, नंतर गुलाब. सोबत वर्षाचे अक्षर आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरे असतात. बंद पडलेल्या तपासणी कार्यालयांचे ठसेही उपयोगी पडतात. चेस्टरचे कार्यालय १९६२ मध्ये बंद झाले, म्हणजे चेस्टरचा ठसा असलेला चार्म त्याआधीचाच. पंधरा कॅरेटचे सोने ब्रिटनमध्ये १९३२ पर्यंतच प्रमाणित होत असे. नऊ कॅरेटच्या चार्मवर ‘३७५’ दिसते. मात्र ब्रिटिश कायद्याने ७.७८ ग्रॅमहून कमी वजनाच्या चांदीला आणि एक ग्रॅमहून कमी सोन्याला ठशातून सूट आहे. बहुतेक चार्म हलके असल्यामुळे ठसा नसणे म्हणजे खोटेपणा नव्हे; तिथे घडणीवरून आणि सराफाच्या तपासणीवरून ठरवावे लागते.

अमेरिकेत सरकारी तपासणी कार्यालये नाहीत. तिथे ‘स्टर्लिंग’ हा शब्द किंवा कॅरेटचा आकडा बनवणाराच छापतो. १९६१ च्या कायदादुरुस्तीनंतर शुद्धतेच्या आकड्याशेजारी बनवणाऱ्याचे चिन्ह देणे बंधनकारक झाले, त्यामुळे चिन्हाशिवायचा चार्म बऱ्याचदा त्याआधीचा असतो. फ्रान्समध्ये गरुडाचे डोके अठरा कॅरेटचे सोने दाखवते. जर्मन चांदीवर चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा ८०० हा आकडा असतो.

ठशानंतर घडण पाहावी. पत्र्याचे दोन अर्धे जोडून केलेला पोकळ चार्म हाताला हलका लागतो. त्याला पोचा पडला असेल तर तो सरळ करणे अवघड. ओतीव चार्म भरीव असतो, पण त्यातले बारीक तपशील गुळगुळीत दिसतात. हलणारे चार्म संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. चर्चचे छत उघडले की आत लग्न लागणारे जोडपे, पेटीतून उडी मारणारा बाहुला, फिरणारी पवनचक्की. बिजागरी सैल नाही ना, आतला बारीक भाग जागेवर आहे ना, हे उघडून-मिटून पाहावे. ब्रिटनमध्ये काचेच्या किंवा चांदीच्या डबीत घडी घातलेली दहा शिलिंगाची नोट असलेला चार्म फार चालला. ती नोट नोव्हेंबर १९७० मध्ये चलनातून बाद झाली, त्यामुळे असा चार्म कधीचा याचा अंदाज लागतो. नोटेचा अनुक्रमांकही कधी कधी काचेतून वाचता येतो.

लिलावात किंवा परदेशातल्या जुन्या बाजारात सबंध ब्रेसलेट मिळाले तर चार्म लगेच सुटे करू नयेत. आधी साखळीवर ते ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने छायाचित्र घ्यावे. एखादे जहाज, त्यानंतर एक शहर, मग पाळणा, असा क्रम आधीच्या मालकिणीच्या आयुष्याचा वृत्तांत असू शकतो. क्रम मोडला तर तो परत लावता येत नाही.

भारतात खरेदी करताना

भारतात सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकून दागिना कोणत्या सराफाने, कोणत्या केंद्रातून तपासून घेतला हे पाहता येते. मात्र दोन ग्रॅमहून हलक्या सोन्याच्या दागिन्याला ही सक्ती नाही आणि सोन्याचा चार्म बहुधा त्यात मोडतो. म्हणून बिलावर कॅरेट, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही एचयूआयडी येऊ लागला आहे.

हवा तो घाट तयार मिळत नसेल तर घडवून घेता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी दूर जावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी गाव पैंजण-घुंगरांसह चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि कड्या, कान, झाळकाम हे तिथले रोजचे काम. गावातल्या सोनाराला चित्र, माप आणि वजनाची मर्यादा दिली तर तोही असा नग करून देतो. घराण्याच्या देवाचा टाक, पेरणीची पाभर, मुंबईची लोकल असे घाट परदेशी कंपन्यांच्या यादीत सहसा नसतात आणि मराठी माणसाच्या साखळीवर तेच सर्वांत अर्थपूर्ण ठरतात.

काही वस्तू मात्र घेऊच नयेत. जुन्या ब्रेसलेटवर हस्तिदंताचे चार्म असतात. महाराष्ट्रात वाघनखाचे जुने दागिने घरात सापडतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशा वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

मांडणी आणि जोडणी

चार्म लावण्यापूर्वी साखळी टेबलावर सपाट, एका रेषेत ठेवावी आणि चार्म शेजारी मांडून पाहावेत. सगळे कान कडीच्या एकाच बाजूला असले की चार्म एका दिशेला लोंबतात आणि साखळी पिळत नाही. वजनदार चार्म साखळीच्या मध्यावर घ्यावेत, म्हणजे फासा मनगटाखाली राहतो. फाशाशेजारी हलके आणि गुळगुळीत चार्म लावावेत. टोकदार चार्म तिथे असेल तर तो बाहीच्या कापडात अडकतो. मीनाकाम, मोती किंवा काच असलेल्या चार्मशेजारी भरीव धातूचा चार्म नको.

जोडकडीची तार चांदीत साधारण एक मिलिमीटर जाडीची असावी. कडी उघडताना दोन पकडींनी तिची टोके एक पुढे, एक मागे अशी वळवावीत. ती बाजूंना फाकवली तर गोलाई बिघडते आणि पुन्हा नीट मिटत नाही. बंद केल्यावर सांध्यात फट दिसता कामा नये. मोलाचा चार्म असेल तर सांधा झाळून घ्यावा. झाळताना ज्योतीची उष्णता चार्मपर्यंत पोचते, म्हणून मीनाकाम, मोती किंवा डिंकाने बसवलेल्या खड्याचा चार्म आहे हे सोनाराला आधी सांगावे. दुपदरी गुंडाळलेली कडी झाळावी लागत नाही आणि चार्म पुढे-मागे हलवायचे असतील तर तीच बरी.

निगा

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. दमट हवेत हे लवकर होते, म्हणून कोकण आणि मुंबईत पावसाळ्याआधी ब्रेसलेट हवाबंद पिशवीत, काळेपणा रोखणारी पट्टी घालून ठेवावे. रबर आणि लोकर यांतही गंधक असते. रबर बँडने गुंडाळलेली चांदी लवकर काळी होते. प्रत्येक ब्रेसलेट वेगळ्या मऊ कापडात गुंडाळावे, नाही तर चार्म एकमेकांत अडकून कान वाकतात.

धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि मऊ दातांचा ब्रश पुरे. धुतल्यावर बिजागऱ्यांतले पाणी पूर्ण सुकू द्यावे. ज्या चार्ममध्ये कागद, छायाचित्र किंवा केस आहेत ते पाण्यात घालू नयेत. काळेपणा घालवणारे तयार द्रावण मोती, पोवळे, पिरोजा आणि मीनाकाम यांना घातक ठरते. नक्षीच्या खाचेतला काळेपणा तर घालवूही नये. त्यामुळेच नक्षी उठून दिसते. वर्षातून एकदा प्रत्येक कान भिंगातून पाहावा. आतल्या बाजूने झिजून निम्मा झालेला कान सोनाराकडून भरून घेण्याची वेळ आलेली असते.

नोंदवही

संग्रहातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे नोंदवही. प्रत्येक चार्मला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे लिहावे: घाट, धातू, वजन, ठसे, कोठून आला, कोणी दिला, तारीख, निमित्त, बिलाची प्रत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे. निमित्त एका शब्दात उरकू नये. ‘वाढदिवस’ असे लिहिले तर पन्नास वर्षांनी नातीला काहीच कळत नाही. ‘बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात आत्याने पुण्याहून आणला’ एवढे लिहिले की चार्म ओळखीचा होतो. मोठ्या चार्मच्या पाठीवर तारीख कोरून घेता येते. लहान चार्मला वहीच आधार. वही ब्रेसलेटच्या डब्यात ठेवावी आणि तिची प्रत दुसरीकडे.

विम्यासाठीही हीच वही लागते. दागिन्यांचा विमा काढताना मूल्यांकन, वजन आणि छायाचित्रे मागितली जातात. चार्म वाढत जातात तसे मूल्यांकनही ठरावीक काळाने नवे करावे, नाही तर नंतरचे चार्म विम्याबाहेर राहतात.

विकायची वेळ आली तर सराफाकडे ब्रेसलेट मोडीत जाते, म्हणजे वजनाप्रमाणे धातूचा भाव मिळतो. जुने हलणारे चार्म, नामवंत कारागिरांचे नग किंवा नोंदींसह असलेले सबंध ब्रेसलेट यांना संग्राहकांच्या बाजारात त्याहून अधिक किंमत येते, म्हणून मोडीला देण्यापूर्वी तिथे विचारणे शहाणपणाचे.

वारसांमध्ये वाटणी करताना दोन मार्ग असतात. सबंध ब्रेसलेट एकीला द्यायचे आणि बाकीच्यांना वहीची प्रत, किंवा चार्म वाटून प्रत्येकीने त्यापासून नवी साखळी सुरू करायची. पहिल्या मार्गाने वृत्तांत अखंड राहतो, दुसऱ्याने तो अनेक घरांत पुढे चालतो. कोणता मार्ग घ्यायचा हे साखळी वाढवणाऱ्या व्यक्तीने स्वतः, लेखी ठरवून ठेवावे. तो निर्णय वहीच्या पहिल्या पानावर, संग्रहाच्या नियमाखालीच लिहावा, म्हणजे डबा उघडणाऱ्याच्या तो आधी नजरेस पडतो.